व्हिलफ्रॉन्शचा पोर्ट डे: आधी एझ गाव केलं, मग नीस शहर, आणि आमच्यासाठी हेच बरोबर ठरलं

अख्ख्या क्रूझमध्ये सगळ्यात जास्त डोकं लावावं लागलं ते या एका पोर्ट डेसाठी, म्हणजे जहाज बंदराला थांबतं त्या दिवसासाठी. बार्सिलोनात आम्ही आधीच दोन रात्री राहिलो होतो, रोमला शेवटी तीन दिवस ठेवले होते, पण फ्रान्सच्या वाट्याला आला एकच दिवस, आणि तोही कागदावर सकाळी ८ ते संध्याकाळी ५. एवढ्यात नीस शहर बघायचं की त्याच्या जवळचं ते डोंगरावरचं एझ नावाचं गाव, यावर घरात महिनाभर चर्चा सुरू होती. पोराला शहर पाहिजे, मला गाव पाहिजे, ह्यांना दोन्ही पाहिजे, आणि आईंचं म्हणजे माझ्या सासूबाईंचं म्हणणं एवढंच की मला समुद्र नीट बघू द्या, पळवू नका. आई ६९ च्या आहेत, गुडघे दुखतात, पण काठी घेऊन चालतात. म्हणून लिहून राहिले, कारण नागपूरहून आता बरीच मंडळी आईवडिलांना घेऊन क्रूझला जायला लागली आहेत आणि सगळ्यांना हाच एक दिवस अडतो.

पहिली गोष्ट म्हणजे ज्यांच्याकडून आम्ही क्रूझ बुक केली त्या आपल्या इथल्याच एजंटनं सांगितलं होतं की जहाज नीसलाच लागतं, उतरलं की शहर सुरू. तसं अजिबात नाही. नीसचं बंदर मोठ्या क्रूझसाठी लहान पडतं, म्हणून जहाज ५-६ किलोमीटर अलीकडे व्हिलफ्रॉन्श-सूर-मेर नावाच्या गावासमोरच्या खाडीत नांगर टाकून उभं राहतं, आणि तिथून छोट्या बोटींनी, ज्याला टेंडर म्हणतात, किनाऱ्यावर सोडतात. हे त्यांनी आधी सांगितलं असतं तर मी आईंच्या गुडघ्याचा विचार वेगळा केला असता. टेंडरमध्ये उतरताना जहाज हलतं, बोट हलते, आणि मधलं एक पाऊल टाकायचं असतं. जहाजावरची पोरं दोन्ही हातांनी धरतात, खूप सांभाळून उतरवलं त्यांनी आईंना, त्याबद्दल पूर्ण मार्क. पण व्हीलचेअरवाल्यांनी हे आधीच विचारून घ्या, आणि हेही लक्षात ठेवा की समुद्र खवळला तर टेंडर बंद आणि पोर्टच रद्द होतो, जहाज सरळ पुढे निघून जातं. त्यामुळे बाहेरून काहीही बुक करताना जहाज आलं नाही तर पैसे परत मिळतात का ते वाचूनच कार्ड द्यायचं.

आणि कागदावरच्या ८ ते ५ ला ९ तास समजू नका. सकाळी टेंडरचे नंबर वाटतात, जहाजाची स्वतःची टूर घेतलेल्यांना आधी सोडतात, मग आपला नंबर. आम्ही ७ लाच नाश्ता उरकून नंबर घ्यायला उभे होतो तरी किनाऱ्यावर पाय ठेवला तेव्हा ८:५० झाले होते. परतीचा शेवटचा टेंडर ५ चा, म्हणजे ४ पर्यंत धक्क्यावर यायचं हे मी पक्कं ठरवलं होतं. हातात उरले सात तास. सात तासांत काय बसतं ते बघून प्लॅन करा, नकाशावरची ठिकाणं मोजून करू नका.

जहाजाची टूर आम्ही का घेतली नाही तेही सांगते. त्यात नीस, एझ आणि मोनॅको तिन्ही एका दिवसात होतं, म्हणजे प्रत्येक ठिकाणी तास-सव्वातास आणि बाकी वेळ बसमध्ये. आई म्हणाल्या बसमध्येच बसायचं तर नागपूर-अमरावती काय वाईट आहे. पण एक फायदा त्यात मोठा आहे आणि तो हलका समजू नये, त्यांची टूर उशिरा आली तर जहाज थांबतं. आपण आपले गेलो आणि उशीर केला तर जहाज कोणासाठी थांबत नाही, मग पुढच्या बंदराला स्वतःच्या खर्चानं पोचायचं. ज्यांना घड्याळाचं टेन्शन सहन होत नाही त्यांनी डोळे मिटून जहाजाची टूर घ्यावी, मी नाव ठेवणार नाही.

आमचा प्लॅन असा होता की जाताना फक्त एझपर्यंत गाडी, तिथून नीसला बस, आणि नीसहून व्हिलफ्रॉन्शला ट्रेन. गाडी मी इंटरनेटवरून बुक केली होती. तिचं रेटिंग ५ पैकी ३. ड्रायव्हर चांगला होता, आईंना पुढे बसवलं, हळू चालवली, पण तो आला २५ मिनिटं उशिरा, आणि भेटायच्या जागेत नुसतं बंदराचं गेट असं लिहिलेलं. टेंडर जिथे लागतो तिथे एक छोटी इमारत आहे आणि लोक दोन-तीन दिशांनी बाहेर पडतात, आम्ही एका कोपऱ्यात आणि तो दुसऱ्या. सात तासांतली २५ मिनिटं म्हणजे लहान गोष्ट नाही. तुम्ही कोणाकडूनही घ्या, पण भेटायच्या जागेचा फोटो मागवून घ्या.

आता काही लोक म्हणतील गाडी कशाला, एझला तर ट्रेन जाते. जाते, आणि इथेच खूप लोक फसतात. व्हिलफ्रॉन्शहून मोनॅकोकडे जाणाऱ्या लाइनवर ब्युलिओच्या पुढचं स्टेशन एझ हेच आहे, पण ते स्टेशन खाली समुद्राच्या काठाला आहे आणि गाव वर डोंगरावर, चारशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर. आपल्याला समजायचं तर रामटेक घ्या, गाडीतून उतरलं की गडमंदिर वरतीच दिसते पण दिसणं आणि पोचणं यात किती फरक आहे ते आपल्याला माहीत आहे. वर जायला एक पायवाट आहे, तिला नीत्शे या जर्मन तत्त्वज्ञाचं नाव दिलंय कारण ते नीसला राहत असताना ती चढायचे, पण ती तास-सव्वातासाची खडी चढण आहे. स्टेशनवरून वर बससुद्धा आहे पण ती काही दर दहा मिनिटांनी नाही. म्हणून वर जाताना गाडी आणि येताना बस, हे आमच्यापुरतं बरोबर गणित होतं.

एझ. यावर थोडं जास्त लिहिते कारण मन तिथेच अडकलं आहे.

या किनाऱ्यावर डोंगराला समांतर तीन रस्ते आहेत, एक खाली समुद्राजवळून, एक मधला, एक सगळ्यात वरचा. गाडी मधल्या रस्त्यानं जाते आणि प्रत्येक वळणावर खाली खाडी दिसत राहते. आम्ही पावणेदहाला पोचलो. गावात गाडी जातच नाही, दगडी वेशीतून आत शिरायचं आणि मग सगळ्या गल्ल्या दगडाच्या, वर-वर चढत जाणाऱ्या, इतक्या अरुंद की दोन माणसं कशीबशी जातील. मध्ययुगातलं गाव आहे, शत्रूला सहज चढता येऊ नये म्हणून खडकाच्या टोकावर वसवलेलं. आता तिथे बहुतेक दुकानं, आर्ट गॅलऱ्या आणि महागडी हॉटेलं आहेत, राहणारे लोक थोडेच असावेत, आणि गाव म्हणून कोंबड्या, विहीर, चावडी असं काही शोधाल तर मिळणार नाही. हे मी स्पष्ट सांगते कारण मला स्वतःला पहिली दहा मिनिटं जरा चुकल्यासारखं वाटलं होतं. पण सकाळी पावणेदहाला गल्ल्या रिकाम्या होत्या, एक बाई दारासमोर पाणी मारत होती, भिंतीवर बोगनवेल, आणि वळलं की मध्येच एका फटीतून निळा समुद्र. तेवढ्यानं सगळं भरून निघालं.

सगळ्यात वर जुन्या किल्ल्याची जागा आहे. किल्ला १७०६ मध्ये चौदाव्या लुईच्या हुकुमानं पाडला, आता पडक्या भिंतीच उरल्या आहेत आणि त्यांच्या भोवती निवडुंगाची बाग केली आहे, दुसऱ्या महायुद्धानंतर. तिकीट वेगळं घ्यावं लागतं. घ्याच. निवडुंग, घायपात, कोरफडीचे नातेवाईक सगळे तिथे, काही माणसापेक्षा उंच. पोरगा म्हणाला आपल्या गच्चीवर उन्हाळ्यात जे जगते तेच इथे तिकीट लावून ठेवलंय, आणि बरोबरच आहे, उन्हाला तोंड देणारी झाडं आपल्याला नवीन नाहीत. पण वरून जे दिसतं ते शब्दांत येत नाही. अख्खा किनारा, काप फेरा नावाचं समुद्रात घुसलेलं हिरवं टोक, आणि खाली पाण्यावर ठेवलेल्या खेळण्यासारखी जहाजं.

आई कशा चढल्या? हळूहळू. दर वीस-पंचवीस पायऱ्यांनी थांबत. भिंतीला हात धरायला जागा आहे, पण कठडा सगळीकडे नाही आणि दगड गुळगुळीत झालेत, पाऊस असता तर मी त्यांना नेलंच नसतं. वर पोचायला आम्हाला ४० मिनिटं लागली, धडधाकट माणसाला १५ लागतील. वर बाकावर बसल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत आणि मग म्हणाल्या, "अगं माय, हे तं आपलं रामटेकच आहे, फक्त खाली अंबाळा तलावाच्या जागी समुद्र." नंतर मला म्हणाल्या की तुझ्या सासऱ्यांना मुंबईचा समुद्र दाखवायचं राहून गेलं होतं मला. नागपूर देशाच्या मधोमध, इथून कुठल्याही बाजूला समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास, त्यामुळे आपल्याकडच्या त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी समुद्र एकदा नाहीतर दोनदाच बघितला आहे. आम्ही तिथे पाऊण तास बसलो. जहाजाच्या टूरमध्ये हा पाऊण तास मिळाला नसता, एवढ्यासाठी मी आमच्या प्लॅनला पैकीच्या पैकी मार्क देते.

अकरा वाजले तशा बसेस यायला लागल्या आणि पंधरा मिनिटांत त्या गल्ल्या भरून गेल्या, खाली उतरताना आम्हाला प्रत्येक वळणावर भिंतीला चिकटून थांबावं लागलं. म्हणून सांगते गाव आधी करा. दुपारी गेलात तर हेच एझ तुम्हाला आवडणार नाही.

एझहून नीसला ८२ नंबरची बस. गावाच्या पायथ्याशी रस्त्यावरच थांबा आहे, अंतर जेमतेम १२ किलोमीटर, अर्धा तास. पण पहिली बस भरलेली होती, दुसरीत चढलो, आईंना एका मुलीनं लगेच उठून जागा दिली. बस वोबाँ नावाच्या स्टॉपला सोडते, तिथून १ नंबरची ट्राम जुन्या शहराच्या दारापर्यंत जाते. आपली मेट्रो वर्धा रोडवर अर्धा रस्ता हवेत असते, इथे ट्राम माणसांच्या बाजूनं जमिनीवरून जाते, आईंना ती चढायला फार सोपी गेली, एकही पायरी नाही.

आता या क्रमाचा जो तोटा झाला तो. नीसच्या जुन्या भागात कूर सालेया म्हणून मोठा बाजार भरतो, फुलं, भाजी, फळं, साबण, सगळं, आणि त्यातला भाजीफळांचा भाग असतो सकाळी, दुपारी दीडच्या सुमारास आवरून मोकळा. आम्ही सव्वाला पोचलो. अर्ध्या दुकानांवर ताडपत्री पडली होती, फुलवाला बादल्या रिकाम्या करत होता. साखरेत मुरवलेली अख्खी संत्री तेवढी एका ठिकाणी दिसली, ती संत्र्याच्या गावच्या माणसानं घेतली नाहीत असं कसं होईल, घेतली, गोड फार आहेत पण सालीचा कडवटपणा मस्त टिकला आहे. बाजार हाच ज्यांचा मुख्य मुद्दा आहे त्यांनी उलट करावं, आधी नीस आणि मग एझ, फक्त मग एझची गर्दी स्वीकारायची. आणि सोमवारी तुमचं जहाज येत असेल तर हा फुलाभाजीचा बाजार नसतोच, त्या दिवशी तिथे जुन्या वस्तू विकायला बसतात.

खाण्याचं मात्र नीसनं मन जिंकलं. शाकाहारी माणसांनी नीट वाचा. इथे सोक्का म्हणून एक प्रकार मिळतो, तो चक्क बेसनाचा आहे! बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस्स, मोठ्या गोल तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, वर मिरपूड, आणि कागदावर तुकडे करून देतात. कडा कुरकुरीत, मध्ये मऊ, आपल्या धिरड्याचा भाऊच. सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि हिरवी मिरची नाही एवढंच. आईंनी दोन प्लेट खाल्ल्या, पूर्ण क्रूझमध्ये त्यांनी मनापासून खाल्लेलं पहिलं जेवण ते. एका प्लेटचे तीन-चार युरो पडले. गरमच खायचं, थंड झालं की चामड्यासारखं होतं. पण त्याच दुकानात कांद्याचा पिझ्झा दिसतो, पिसालादियेर, दिसायला एकदम शाकाहारी, त्यात अँचोवी नावाची खारवलेली मासोळी असते. ह्यांनी घेतला होता, मी विचारलं म्हणून कळलं. नीसच्या नावाचं जे सॅलड आहे त्यातही अँचोवी किंवा ट्यूना असतो. विचारल्याशिवाय घेऊ नका.

बाकी शहर आम्ही जेवढं झेपलं तेवढंच केलं. जुन्या गल्ल्या, पिवळ्या-भगव्या भिंती, हिरव्या खिडक्या, इटलीत आल्यासारखं वाटतं कारण हे शहर फ्रान्समध्ये कायमचं आलं ते १८६० मध्ये, त्याआधी बराच काळ ते पुढे इटलीचे राजे झालेल्या सॅव्हॉय घराण्याकडे होतं. गल्ल्यांच्या पाट्या दोन भाषांत आहेत, फ्रेंच आणि इथली स्थानिक निसार. किल्ल्याच्या टेकडीवर जायला फुकट लिफ्ट आहे, पण तिथे रांग होती आणि एझच्या वरून सगळं बघून झालं होतं, म्हणून सोडली. ज्यांनी एझ केलं नाही त्यांनी ही टेकडी नक्की करावी. मग समुद्राकाठच्या त्या लांबलचक प्रोमनादवर निळ्या खुर्च्यांवर बसलो. वाळू नाही, गोटे आहेत सगळे, अनवाणी चालायला त्रास होतो. शहर म्हणून नीसला मी ४ देते, त्याला पूर्ण दिवस द्यायला पाहिजे होता.

तीनला निघालो. ट्रामनं मोठ्या स्टेशनला, तिथून व्हिलफ्रॉन्शची ट्रेन, प्रवास फक्त ७-८ मिनिटांचा, तिकीट दोन-तीन युरो. मेंटॉन किंवा व्हेंतिमिलियाकडे जाणारी आणि प्रत्येक स्टेशनवर थांबणारी गाडी बघून घ्यायची. फ्रान्समध्ये रेल्वेचे संप होतात, म्हणून आदल्या रात्रीच जहाजाच्या वायफायवर बघून ठेवलं होतं, आणि गाडी नसतीच तर टॅक्सीचे पैसे वेगळे खिशात ठेवले होते. शहर शेवटी ठेवायचं दुसरं कारण हेच, नीसहून जहाजापर्यंत परत यायला ट्रेन, बस, टॅक्सी असे तीन रस्ते आहेत, एझहून एखादी बस चुकली तर जीव टांगणीला लागतो.

चौघांचा सगळा खर्च, गाडी, बस, ट्रेन, बागेचं तिकीट, खाणं धरून, जहाजाच्या टूरच्या निम्म्यातही आला नाही.

पावणेचारला व्हिलफ्रॉन्शला उतरलो. स्टेशनवरून खाली आलं की खाडीच्या कडेनं दहा मिनिटं चालत धक्का. आणि तेव्हा आमच्या लक्षात आलं की सकाळी ज्या गावातून आम्ही घाईघाईनं गाडी शोधत निघून गेलो ते हेच किती सुंदर आहे. धक्क्याच्या मागेच रंगीत घरं, त्यांच्या मागे र्यू ओब्स्क्यूर म्हणून तेराव्या शतकातली पूर्ण झाकलेली गल्ली, वर घरं आणि खाली अंधारा बोगदा, १३० मीटर लांब, भर मे महिन्यात आत गार. काठावर कोळ्यांचं एक छोटं देऊळ, म्हणजे चॅपल, ते १९५७ मध्ये ज्याँ कॉक्तो या कलावंतानं आतून रंगवलं आहे, त्याआधी तिथे जाळी ठेवायचे म्हणे. आम्ही गेलो तेव्हा बंद होतं. थोडं पुढे सोळाव्या शतकातला किल्ला, त्याच्या आत बगीचा आहे, तो बघायला वेळ उरला नाही.

म्हणून ज्यांच्या घरच्यांना एझच्या पायऱ्या झेपणार नाहीत त्यांना मी सांगेन की गावासाठी कुठे जायची गरज नाही, टेंडर तुम्हाला गावातच सोडतो. सकाळी ट्रेननं नीसला जा, बाजार बघा, सोक्का खा, एकपर्यंत परत या आणि दुपारभर व्हिलफ्रॉन्शमध्ये बसा.

टेंडरला रांग लांब होती पण पुढे सरकत होती. पोरगा रांगेत उभा राहिला आणि मी आईंना घेऊन धक्क्याच्या पायऱ्यांवर बसले, त्यांनी चपला काढून पाय पाण्यात सोडले. पाणी गार होतं. त्या मला म्हणाल्या, "नंबर आला की सांग, तोवर उठवू नको."